संकेतस्थळ साधे असू द्या, पण आपल्या हातात असू द्या

प्रश्न : मी भूमि अभिलेख विभागातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. वय ६३. नोकरीत असताना मोजणीच्या निमित्ताने सातारा जिल्ह्यातील गावोगाव हिंडणे झाले आणि देवळांमागे, पारांवर, शेतांच्या बांधांवर उभे असलेले वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, पाहून त्यांची टिपणे ठेवायची सवय लागली. आज माझ्याजवळ तीनशेहून अधिक वीरगळांची छायाचित्रे, मापे आणि वर्णने आहेत. त्यांतील बहुतेक शिळांविषयी कुठे काही छापून आल्याचे मला आढळले नाही. या साऱ्याचे स्वतःचे संकेतस्थळ करावे अशी इच्छा आहे. पुतण्या म्हणतो की फेसबुकवर पान काढले की काम झाले. एका व्यावसायिकाने पंचवीस हजार रुपये आणि दरवर्षी सहा हजार रुपये देखभाल असे सांगितले. मला स्वतः शिकून करावेसे वाटते, पण या वयात जमेल का? माझ्या जुन्या नोंदी श्रीलिपी या जुन्या फाँटव्यवस्थेत टंकलेल्या आहेत, त्या चालतील का? असे संकेतस्थळ कोणी पाहील का? आणि माझ्या माघारी त्याचे काय होईल?
एक वाचक, वाई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्याजवळ जे आहे ते फार मोलाचे आहे आणि ते कपाटातल्या वह्यांत राहता कामा नये, हे आधी मोकळेपणाने सांगतो. संकेतस्थळ काढू इच्छिणाऱ्या बहुतेकांजवळ उत्साह असतो, पण त्यावर ठेवायचे काय, हे ठरलेले नसते. आपला मजकूर मात्र तयार आहे आणि तो वर्षानुवर्षे स्वतः पाहून, मोजून टिपलेला आहे. तेव्हा माझे मत असे की संकेतस्थळ अवश्य काढा, स्वतः काढा, आणि ते इतके साधे ठेवा की त्यातली प्रत्येक फाइल आपल्याला उघडून वाचता येईल, दुरुस्त करता येईल आणि गरज पडली तर उचलून दुसरीकडे नेता येईल. पुढचे सारे सांगणे या एका आग्रहापोटी आहे.

पुतण्याचे म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. फेसबुक हे सांगण्याचे ठिकाण आहे, जपण्याचे नव्हे. आज टाकलेली नोंद आठवड्याभरात खाली जाते, वर्षभराने ती आपल्यालाही चटकन सापडत नाही, आणि ज्याचे तिथे खाते नाही त्याच्यापर्यंत ती धड पोहोचतही नाही. शिवाय दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार त्याने जागा बंद केली की मोडतो. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या छंदांची घरगुती पाने उभी केली होती. ती सेवा याहूने १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धडपड करून त्यातला बराच भाग वाचवला, पण ज्यांच्याकडे आपल्या पानांची नक्कल नव्हती त्यांना तो दुसऱ्यांच्या कृपेनेच मिळाला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हा आपल्याकडच्याही कितीतरी गटांतल्या चर्चा आणि छायाचित्रे गेली. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये गेले. उलट, टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत १९९१ च्या सुमारास लिहिलेली वेबची अगदी पहिली पाने ज्या साध्या पद्धतीने लिहिली होती, त्या पद्धतीचे पान आजच्या मोबाइलवरही विनातक्रार उघडते. सर्नने हे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, आणि तेव्हापासून साधे एचटीएमएल, म्हणजे वेबची पाने लिहिण्याची ही पद्धत, कोणा एका कंपनीच्या मर्जीवर राहिलेले नाही. आपल्या नोंदी ज्या पायावर उभ्या करायच्या तो हा पाया. पुतण्याला मात्र दूर ठेवू नका. नवे पान तयार झाले की त्याचा दुवा फेसबुकवर आणि गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकण्याचे काम त्याला द्या. त्यात तो आपल्यापेक्षा तरबेज असणार.

व्यावसायिकाने सांगितलेली रक्कम दुकानाच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळासाठी अवाजवी म्हणता येणार नाही. पण आपले काम त्या जातीचे नाही. दुकानाचा पत्ता आणि मालाची यादी एकदा चढवली की पुष्कळ दिवस भागते. आपल्याला मात्र आज एका शिळेचे माप दुरुस्त करायचे असेल, उद्या नवे छायाचित्र लावायचे असेल, आणि दर वेळी दुसऱ्याला फोन करून वाट पाहायची वेळ आली तर वर्षभरात आपला हुरूप मावळेल. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. अशा व्यवहारात संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, पुष्कळदा करून देणाऱ्याच्या खात्यात नोंदवले जाते, आणि पुढे त्याने व्यवसाय बदलला किंवा संबंध बिघडले की मूळ मालकाला आपल्याच नावासाठी हात जोडावे लागतात. काम कोणाकडूनही करून घेतले तरी डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्याच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले असले पाहिजे, यात तडजोड नको.

या वयात जमेल का, हा प्रश्न तुमच्यासारख्या माणसाने विचारावा याचे मला नवल वाटते. गावाचा नकाशा, त्यात गट, गटात हिस्सा आणि प्रत्येकाला क्रमांक, ही मांडणी आपण आयुष्यभर केली. संकेतस्थळ त्याच मांडणीने बांधायचे असते: मुखपृष्ठावर तालुक्यांची यादी, तालुक्याच्या पानावर गावांची आणि गावाच्या पानावर तिथल्या शिळा. एचटीएमएल म्हणजे मजकुराला लावलेल्या खुणा. हा मथळा, हा परिच्छेद, इथे छायाचित्र, इथून दुसऱ्या पानाकडे वाट. अशा दहाबारा खुणा आल्या की आपले काम भागते, आणि त्या पंधरवड्यात अंगवळणी पडतात. रंग, अक्षराचा आकार, ओळींतील अंतर यांसाठी सीएसएसची एक वेगळी फाइल असते. ती एकदा लिहिली की सगळ्या पानांना लागू होते. संगणकावरचे नोटपॅड यासाठी पुरेसे आहे. पानाची फाइल आपल्याच संगणकावर दुहेरी टिचकी मारून ब्राउझरमध्ये उघडता येते, म्हणजे इंटरनेट नसतानाही आपण घरबसल्या सारे संकेतस्थळ रचून, तपासून पाहू शकता. एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी पहिली काही गावे अशी पूर्ण करून पाहा. वर्डप्रेससारखी तयार व्यवस्था लाखो लोक वापरतात आणि ज्यांना दर आठवड्याला लेख लिहायचे आहेत, पण फाइलींना हात लावायचा नाही, त्यांना ती सोयीची पडते. मात्र तिच्या पोटात डेटाबेस असतो, प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम असतात, ती वेळच्या वेळी अद्ययावत केली नाहीत तर कोणी घुसखोर त्यातून आत शिरतो, आणि दोन वर्षे दुर्लक्ष झालेले वर्डप्रेस सावरणे हे नव्याने लिहिण्याहून अवघड जाते. साध्या पानाकडे दोन वर्षे पाहिले नाही तरी ते होते तसेच राहते.

आता एका गावाचे पान कसे असावे ते पाहू, कारण खरे कौशल्य तिथेच लागते. मथळ्यात गावाचे नाव, आणि त्याला लागून तालुका व जिल्हा अवश्य लिहा. वडगाव, पिंपळगाव, खेड अशा नावांची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत आणि शोधणाऱ्याला आपलेच गाव सापडले आहे याची खात्री पहिल्या ओळीतच पटली पाहिजे. मग शिळा कुठे आहे ते शब्दांत सांगा: भैरवनाथाच्या देवळाच्या उजव्या हाताला, पाराच्या दक्षिणेकडे, पूर्वाभिमुख. त्यानंतर उंची, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये, किती टप्पे कोरले आहेत, आणि खालपासून वर प्रत्येक टप्प्यात काय दिसते. जाणकाराला हे सांगायला नको, पण आपला वाचक बहुधा त्याच गावातला एखादा तरुण असेल, त्याने लहानपणापासून तो दगड पाहिलेला असेल आणि त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसेल. खालच्या टप्प्यात झुंज आणि पडलेला वीर, कधी शेजारी गाई दाखवलेल्या असतील तर त्याने गोधन वाचवताना प्राण दिला. मधल्या टप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. वरच्या टप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती चंद्रसूर्य असेपर्यंत टिको. हे एकदा एका स्वतंत्र पानावर नीट समजावून द्या आणि प्रत्येक गावाच्या पानावरून तिकडे दुवा द्या. गावकरी त्या शिळेला कोणत्या नावाने ओळखतात, तिला शेंदूर लावतात का, तिच्याविषयी कोणती हकिगत सांगतात, हेही लिहा. पण मोजलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नका. शेवटी आपण ती शिळा कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी पाहिली ते लिहा. ही तारीख पुढे का मोलाची ठरते ते खाली येईल.

अशी पाने थोडी असली तरी पूर्ण असावीत. तीनशे शिळांची रिकामी पाने उघडून ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावण्यापेक्षा पहिल्या दहा गावांची भरीव पाने घेऊन लोकांसमोर जावे. पुढे आठवड्याला एक गाव या गतीने आपल्याला कित्येक वर्षांचा आनंद पुरेल.

श्रीलिपीतल्या नोंदींविषयी मी थोडे सविस्तर सांगणार आहे, कारण मराठी माणसाच्या हौशी संकेतस्थळाची सर्वांत जास्त हानी इथे होते. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या व्यवस्थांमध्ये संगणक मराठी अक्षर साठवत नसे. तो रोमन अक्षरांच्या जागा वापरी आणि फाँट त्यांना देवनागरी रूप देई. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर तोच मजकूर अर्थहीन चिन्हांची रांग होऊन दिसतो, आणि गूगललाही त्यात ‘वीरगळ’ हा शब्द आहे हे कळत नाही. म्हणून सारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणणे भाग आहे. रूपांतर करून देणारी साधने विनामूल्य मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, आणि रफाराचे याच्या उलट आहे. त्यामुळे रूपांतरात वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते आणि रफार भलत्याच जागी बसतो. आपल्या नोंदींत ‘शिळा’, ‘शिवलिंग’, ‘स्वर्ग’, ‘मूर्ती’ हे शब्द पानोपानी असणार. प्रत्येक पान रूपांतरानंतर एकदा मूळ प्रतीशी ताडून पाहा. कंटाळवाणे आहे, पण हे काम एकदाच करायचे आहे.

त्यातही सातारा जिल्ह्यासाठी एक खास सूचना. ‘कऱ्हाड’ या नावातला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. आपण निम्म्या पानांवर एक आणि निम्म्यांवर दुसरे रूप वापरले, तर पुढे स्वतःच्याच नोंदींत कऱ्हाड तालुका शोधताना निम्मी गावे हाती लागणार नाहीत. कोणतीही एक रीत ठरवा आणि ती सोडू नका. मी ‘ऱ’ वापरण्याच्या बाजूचा आहे. अशाच प्रकारे पानाच्या सुरुवातीला मजकूर युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रूढ रीतीत असल्याची आणि भाषा मराठी असल्याची खूण करावी. भाषेची खूण केली की काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ यांची आपल्या सवयीची मराठी वळणे दाखवतात, नाही तर हिंदी वळणे येतात. फाँट मुक्त परवान्याचा निवडा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता किंवा गूगलचा नोटो आपल्या फाइलींबरोबरच ठेवता येतो. अक्षर ठसठशीत आणि ओळींतील अंतर मोकळे ठेवा, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, आणि आपले बरेच वाचक मोबाइलवर, चष्मा लावून वाचणारे असतील.

मजकूर मराठीत असला तरी फाइलींची नावे रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे, मध्ये जागा न सोडता द्यावीत. देवनागरी नावाचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की पुष्कळदा तो टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेल्या माळेत बदलतो. ‘कऱ्हाड’ एवढाच शब्द ५४ चिन्हांचा होतो. लहान अक्षरांचा आग्रह वेगळ्या कारणासाठी आहे. विंडोज संगणक लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत भेद करीत नाही, इंटरनेटवरचे सर्व्हर बहुधा करतात, आणि म्हणून घरी व्यवस्थित दिसणारे छायाचित्र संकेतस्थळावर चढवल्यावर गायब झाल्याची तक्रार प्रत्येक नवशिक्याची असते. एकदा प्रसिद्ध केलेल्या पानाचे नाव पुढे बदलू नका. कोणी तरी तो पत्ता आपल्या लेखात दिलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मोबाइलवर काढलेले छायाचित्र तीन ते पाच एमबीचे असते. ते तसेच चढवले तर गावात, जिथे नेटवर्क यथातथाच असते, पान उघडता उघडत नाही. रुंदी बाराशे पिक्सेलपर्यंत आणली की ते दोनशे केबीच्या आसपास बसते आणि कोरीवकाम तरीही स्पष्ट दिसते. मूळ छायाचित्रे घरी अबाधित ठेवा. प्रत्येक छायाचित्राला शब्दांत वर्णन जोडा, कारण चित्रात काय आहे ते अंध वाचकाला त्यातूनच कळते आणि शोधयंत्रालाही त्याची मदत होते. एक काळजी मात्र मनापासून घ्या. मोबाइलचे छायाचित्र बहुधा आपल्या पोटात अक्षांश-रेखांश बाळगून असते. देवळातल्या, गावाच्या डोळ्यांसमोरच्या शिळेचे ठिकाण खुशाल द्यावे. पण माळावर, ओढ्याकाठी, वस्तीपासून दूर एकटा उभा असलेला वीरगळ असेल तर गावाच्या नावापुढे जाऊ नये आणि छायाचित्रातली ती माहिती पुसूनच ते चढवावे. उघड्यावरच्या शिल्पांना पाय फुटतात, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल.

जागेचा खर्च आपल्याला वाटतो तेवढा नाही. साध्या पानांसाठी गिटहब पेजेस ही सेवा विनामूल्य मिळते, तिथे एका संकेतस्थळाला एक जीबीपर्यंत जागा वापरता येते आणि स्वतःचे डोमेनही जोडता येते. दोनशे केबीच्या हिशेबाने एक जीबीत सुमारे पाच हजार छायाचित्रे बसतात. तिथली भाषा संगणकाच्या धंद्यातल्यांची आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी गोंधळायला होते, पण ब्राउझरमधूनच फाइली ओढून चढवण्याची सोय आहे. २०१३ मध्ये सुरू झालेली निओसिटीज ही सेवा खास अशा हौशी पानांसाठी आहे आणि नवख्याला ती अधिक सोपी जाते. तिथेही विनामूल्य खात्यात एक जीबी जागा मिळते, स्वतःचे डोमेन जोडायला मात्र पैसे पडतात. मी असे सुचवीन की हात बसेपर्यंत निओसिटीजवर सराव करा आणि नाव विकत घेतल्यावर गिटहबवर जा. फाइली त्याच असल्याने हे स्थलांतर एका दुपारचे काम आहे.

पैसे खर्च करायचे ते नावावर. डॉट इनमधले नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडते. पहिल्या वर्षी विक्रेते ते फार स्वस्तात देतात, म्हणून घेताना नूतनीकरणाचा दर पाहावा. नाव असे असावे की फोनवर एकदा सांगितले तरी ऐकणाऱ्याला बरोबर टिपता येईल. आकडे आणि आडव्या रेघा टाळा. २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरी डोमेनही मिळते. हौस म्हणून तेही घ्यावे, पण सर्व ठिकाणी ते नीट चालतेच असे नाही, तेव्हा मुख्य पत्ता रोमन लिपीतलाच ठेवा.

कोणी पाहील का, असे आपण विचारले आहे. संख्येने थोडे, पण येतील ते नेमके त्याच शिळेसाठी येतील: नोकरीनिमित्त पुण्यात किंवा परदेशात राहणारा गावचा मुलगा, मूर्तिशास्त्राची विद्यार्थिनी, गावाचा इतिहास लिहायला बसलेले निवृत्त गुरुजी. भेटी मोजणारा आकडा पानावर लावू नका. आरंभी तो लहान असतो आणि उगाच मन खट्टू करतो. त्याऐवजी संपर्कासाठी एक वेगळे ईमेल काढून ते प्रत्येक पानाच्या तळाशी द्या.

देखभालीचा विचार करताना लोक यंत्राकडे पाहतात. आपल्या बाबतीत मुख्य देखभाल शिळांची आहे. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, जुनी शिळा उचलून भिंतीत बसवली जाते किंवा भक्तिभावाने तिच्यावर ऑइलपेंट चढतो, आणि मग आपली जुनी नोंद व जुने छायाचित्र हाच तिच्या मूळ रूपाचा पुरावा उरतो. म्हणूनच प्रत्येक नोंदीला तारीख हवी. असे काही कळले की जुनी नोंद पुसू नका. तिच्याखाली नव्या तारखेने नवी नोंद घाला. कोणी माप चुकल्याचे किंवा हकिगत वेगळी असल्याचे कळवले, तर खात्री करून दुरुस्ती करा आणि ती कोणी सुचवली ते, त्यांची परवानगी असेल तर, लिहा. मुखपृष्ठावर ‘अलीकडे काय बदलले’ अशी एक छोटी यादी ठेवली की पुन्हा येणाऱ्याला सोयीचे होते. यंत्राकडची कामे थोडी आहेत: वर्षातून एकदा सर्व दुवे दाबून पाहणे, नव्या मोबाइलवर पान कसे दिसते ते पाहणे, आणि डोमेनचे नूतनीकरण. कार्डावरून आपोआप पैसे जातील यावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वसुलीला ग्राहकाची वेगळी मान्यता लागते आणि ती नसेल तर नूतनीकरण अडते. एकदम पुढच्या काही वर्षांचे पैसे भरून टाकणे उत्तम. डॉट इन एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येते. मोबाइल क्रमांक बदलला तर त्याच दिवशी डोमेनच्या खात्यात तो बदला, नाही तर ओटीपी जुन्या क्रमांकावर जात राहतो.

माघारी काय, या प्रश्नाची तयारी आजपासूनच करता येते, आणि साध्या फाइलींचा खरा लाभ इथे दिसतो. संपूर्ण संकेतस्थळ म्हणजे एक फोल्डर आहे. त्याची एक नक्कल आपल्या संगणकावर, दुसरी पेन ड्राइव्हवर आणि तिसरी घराबाहेर, शक्यतो पुतण्याच्या संगणकावर ठेवा. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून खराब होतात, म्हणून दरवर्षी नक्कल नव्याने करा आणि ती उघडते का ते पाहा. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था वेबॅक मशीनद्वारे जगभरच्या पानांच्या प्रती जपते. तिथे आपल्या पानाचा पत्ता देऊन त्या दिवशीची प्रत स्वतः साठवून घेता येते. प्रत्येक नवे गाव प्रसिद्ध केले की एवढे अवश्य करा. छायाचित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या सामायिक संग्रहावरही ठेवलीत, तर ती विकिपीडियाच्या लेखांत वापरता येतील आणि त्यांना आणखी एक घर मिळेल. मात्र त्या परवान्याने इतरांना ती आपले नाव देऊन वापरण्याची मुभा मिळते आणि ती परत घेता येत नाही, हे समजून निर्णय करा. शेवटी एका कागदावर डोमेन कोणाकडून घेतले, ते कोणत्या ईमेलवर आहे, मुदत केव्हा संपते, फाइली कुठे ठेवल्या आहेत आणि संकेतशब्द कोठे लिहिला आहे, एवढे लिहून तो कागद घराच्या मालमत्तेच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि पुतण्याला तो दाखवून ठेवा. डोमेनचे पैसे भरले की दर वेळी त्या कागदावरची मुदतीची तारीख बदला.